खालचा ठसा

गंगापूर रोडवरच्या आमच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहा ते सात या वेळात जगाचं परराष्ट्र धोरण ठरतं. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले एक काका या सभेचे तहहयात अध्यक्ष. परवा इराणचा विषय निघाला. "आधी मोसादेकला कुणी पाडलं ते वाचून ये, मग बोल," असं म्हणत काकांनी एका तरुण पोराला झापलं. बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या फेरीत गाडी इराकवर आली. सद्दामकडे नसलेल्या शस्त्रांसाठी अख्खं युद्ध कसं झालं, ते काकांनी सांगितलं. तेही बरोबर. तिसऱ्या फेरीला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढं खोटं बोलणारी माणसं चंद्रावर तरी कशावरून गेली असतील? स्टुडिओतलं शूटिंग ते!" आणि आयुष्यभर विमानं जुळवलेल्या काकांनी चक्क मान डोलावली.

तीन फेऱ्या म्हणजे फार तर दीड किलोमीटर. तेवढ्यात आम्ही कागदोपत्री शाबीत झालेल्या गोष्टीपासून निघून 'न झालेल्या' चांद्रवारीपर्यंत पोचलो होतो. मला या दीड किलोमीटरबद्दल बोलायचं आहे.

काकांचा अविश्वास फुकटचा नाही, तो कमावलेला आहे, हे आधी कबूल करायला हवं. मोसादेक इराणचे पंतप्रधान होते. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल देशाच्या मालकीचं केलं आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांचं सरकार उलथलं. जगाला सांगण्यात आलं की इराणचा राजा असलेल्या शहाच्या प्रेमापोटी लोक रस्त्यावर उतरले. त्या उठावामागे आपलाच हात होता हे सीआयएच्या स्वतःच्या कागदपत्रांतून उघडपणे मान्य झालं ते २०१३ साली. साठ वर्षं लागली. तोवर शहा गेला होता, खोमेनी येऊन वारले होते आणि त्या एका ऑगस्टचं व्याज दोन पिढ्या फेडत होत्या.

आम्हा नाशिककरांना हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. पाकिस्तानच्या हवाई दलाकडे अमेरिकेची एफ-१०४ स्टारफायटर विमानं आली, आपण मागितली तेव्हा मिळाली नाहीत. १९६२ मध्ये आपण मिग-२१ साठी सोव्हिएत संघाशी करार केला आणि १९६४ मध्ये ओझरला कारखाना उभा राहिला. निफाड-दिंडोरीच्या किती घरांतली चूल त्या कारखान्यावर पेटली! अमेरिकेच्या एका नकारानं आमच्या तालुक्यांचं अर्थकारण बदललं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. आता त्याच ओझरला तेजस बांधायला घेतलं आहे. त्याचं इंजिन अमेरिकेतून येतं, ते वेळेवर आलं नाही म्हणून हवाई दलाला विमानं मिळायला उशीर झाला. काका यावर फक्त "बघा" एवढंच म्हणतात. त्या एका शब्दात साठ वर्षं असतात.

आणि १९७१. ढाक्यात कत्तल चालू असताना वॉशिंग्टनमध्ये निक्सन आणि किसिंजर पाकिस्तानच्या याह्याखानाची पाठराखण करत होते. युद्धाच्या शेवटी 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. काकांना ही गोष्ट सांगताना बघावं. रशियन पाणबुड्या पाण्याबाहेर आल्या, अमेरिकन जहाजांसमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि सातव्या आरमारानं शेपूट घातलं, इथपर्यंत त्यांचा हात हवेत गेलेला असतो.

यातलं अर्धं खरं आहे. नौका आली होती, ती आपल्याला धाक दाखवण्यासाठी होती, व्लादिवोस्तोकहून निघालेली सोव्हिएत जहाजं तिच्या मागावर होती. पाण्याबाहेर आलेल्या पाणबुड्या, समोरासमोरचा दम आणि पळापळ या नाट्याला मात्र कागदाचा आधार मिळत नाही. नौका उपसागरात शिरली तेव्हा ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींचा शरणागतीचा विचार पक्का होत आला होता. म्हणजे अमेरिकेच्या धोरणाबद्दलचा काकांचा संताप रास्त आहे, पण त्या संतापाला त्यांनी चढवलेला साज मोबाइलवरून आला आहे.

काकांच्या गोष्टीत आणखी एक माणूस कधीच येत नाही. आर्चर ब्लड. ढाक्यातला अमेरिकेचा कॉन्सुल जनरल. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्याहून त्यानं आपल्याच सरकारला एक तार पाठवली. तिच्यावर वीस अमेरिकन अधिकाऱ्यांची नावं होती आणि आपलं सरकार लोकशाहीच्या गळचेपीविरुद्ध बोलायला चुकलं, नैतिक दिवाळखोरी दाखवली, असं तीत स्पष्ट लिहिलं होतं. ब्लडची तिथून उचलबांगडी झाली, पुढे त्याची कारकीर्द खुरटली. 'अमेरिकेनं केलं' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्या तारेवर सही करणारे वीसजण कुठे ठेवायचे? निक्सनचा खोटेपणा आपल्याला कळला तो बराचसा अशा माणसांमुळे आणि निक्सननं स्वतःच्याच कार्यालयात लावलेल्या टेप्समुळे.

मी स्वतः दुसऱ्या बाजूच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. आमच्या घरी 'सोव्हिएत देश' मासिक यायचं. त्याच्या गुळगुळीत पानांची कव्हरं शाळेच्या वह्यांना घालायची पद्धत होती. गणिताच्या वहीवर गव्हाची शेतं, भूगोलाच्या वहीवर हसऱ्या कामगार बायका. ज्या देशानं आम्हाला विमानं दिली, संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर नकाराधिकार वापरला, तो खोटं कशाला बोलेल, अशी घरातली एकूण हवा होती.

मग कधीतरी कॅटिनबद्दल वाचलं. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलंडचे सुमारे बावीस हजार लोक, लष्करी अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, वकील, गोळ्या घालून मारले आणि पुरले. १९४३ मध्ये कॅटिनच्या जंगलातली थडगी जर्मनांना सापडली. मॉस्कोनं ठोकून दिलं की हे जर्मनांचंच काम. सत्य काय ते लंडनला कळलं होतं, वॉशिंग्टनलाही अंदाज होता, पण तेव्हा स्टालिन दोस्त होता, म्हणून तिकडेही तोंडं बंद राहिली. नाझी खरं बोलत होते आणि लोकशाह्या गप्प होत्या, असा हा विचित्र प्रसंग. १३ एप्रिल १९९० ला मॉस्कोनं जबाबदारी मान्य केली. पन्नास वर्षं.

ज्या वर्षी ती थडगी सापडली त्याच वर्षी, १९४३ मध्ये, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहत होती. स्टालिननं सैबेरियाकडे पिटाळलेली आणि कशीबशी बाहेर पडलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या काठी ही मुलं शाळेत जात होती, त्याच काळात त्यांच्या देशाच्या बावीस हजार माणसांना कुणी मारलं याबद्दल जगातल्या तीन सर्वांत बलाढ्य राजधान्या एकतर खोटं बोलत होत्या नाहीतर खाली मान घालून बसल्या होत्या. ही गोष्ट मला वहीवरच्या कव्हरांनी सांगितली नव्हती. काकाही सांगत नाहीत. त्यांचा अविश्वास एकाच डोळ्याचा आहे. अमेरिकेचं काही निघालं की तो भिंगातून बघतो आणि रशियाचं निघालं की मिटतो. आजकाल याच्या बरोबर उलट्या डोळ्याची माणसंही पुष्कळ भेटतात, त्यांची मुलं न्यू जर्सीला असतात.

ब्रिटिशांचा प्रकार वेगळा. ते फार बोलत नाहीत, कागद जाळतात. वसाहती सोडताना कुठले दस्तऐवज नव्या सरकारच्या हाती लागू द्यायचे नाहीत याचे रीतसर आदेश निघाले होते. जाळलेल्या कागदांची राखसुद्धा चुरगाळून टाकावी, जाळणं जमलं नाही तर पेट्यांना वजन बांधून किनाऱ्यापासून शक्य तितक्या लांब, जिथे प्रवाह नाही अशा खोल पाण्यात बुडवाव्यात, अशा बारीकसारीक सूचना त्यांत होत्या. कारकुनी शिस्त म्हणजे काय ते इथे दिसतं. जे कागद जाळले नाहीत ते इंग्लंडात हॅन्स्लोप पार्कला पडून होते. केनियातल्या माऊ माऊ उठावात छळ सोसलेल्या म्हाताऱ्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा २०११ मध्ये ही दप्तरं असल्याचं सरकारला कबूल करावं लागलं. २०१३ मध्ये ५,२२८ केनियन लोकांसाठी सुमारे दोन कोटी पौंडांची तडजोड झाली.

सुएझचंही असंच. ऑक्टोबर १९५६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलची माणसं गुपचूप बसली. ठरलं असं की इस्राएलनं इजिप्तवर हल्ला करायचा आणि मग ब्रिटन-फ्रान्सनं भांडण सोडवायला आल्यासारखं करून कालवा ताब्यात घ्यायचा. गावाकडे चोराला वाट दाखवून वर मालकाच्या मदतीला धावून येणारे असतात, तसं. करारावर सह्या झाल्यावर पंतप्रधान ईडन यांनी ब्रिटिश प्रत नष्ट करवली आणि डिसेंबरात संसदेत सांगितलं की इस्राएल हल्ला करणार हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. इस्राएलच्या बेन गुरियन यांनी मात्र आपली प्रत खिशात घालून घरी नेली. ती राहिली.

ही यादी आणखी कितीही लांबवता येईल, पण माझा मुद्दा यादीत नाही. या प्रकरणांतलं खोटं शेवटी बाहेर कसं पडलं, ते बघण्यासारखं आहे. कुणाला 'आतून वाटलं' म्हणून ते बाहेर पडलं नाही. कुठे खटला होता, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या खिशातली प्रत, कुठे मुदत संपल्यावर उघडलेलं दप्तर, तर कुठे विवेक टोचलेला अधिकारी. सगळी कंटाळवाणी, वेळखाऊ, धूळ खाणारी कामं. संशय फार तर दार ठोठावतो. आत शिरून कपाट उघडायला दुसरंच कुणीतरी लागतं, आणि त्याला फॉरवर्ड करायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक आहे. पुष्कळदा खोटं लपलेलंच नसतं. ४ ऑगस्ट १९६४ ला टॉन्किनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसरा हल्ला झाला असं सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेकडून व्हिएतनाममध्ये मोकळा हात मागितला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच एनएसए या गुप्तचर संस्थेच्या इतिहासकारानं लिहिलं आणि ते २००५ मध्ये खुलं झालं. पण सिनेटमधल्या त्या दोघांना, मॉर्स आणि ग्रूनिंग यांना, शंका घ्यायला २००५ उजाडावं लागलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी विरोधात मत दिलं. इराकचंही तेच. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत चित्रं दाखवून गेले. ७ मार्चला अणुऊर्जा संस्थेच्या अल बरादेई यांनी त्याच सुरक्षा परिषदेत सांगितलं की इराकनं नायजरकडून युरेनियम घ्यायचा प्रयत्न केल्याचे कागद बनावट आहेत. दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बाँब पडले. म्हणजे खरं काय ते सभागृहात, माइकवर, सगळ्या वाहिन्यांसमोर सांगून झालं होतं. ऐकायचं नव्हतं.

(जाता जाता: त्या एप्रिलात आपल्या लोकसभेनं या हल्ल्याविरुद्ध ठराव केला. हिंदी ठरावात 'निंदा' होती, इंग्रजीत जरा मऊ शब्द होता. वॉशिंग्टनला जाणारी भाषा वेगळी आणि घरातली वेगळी. परराष्ट्र धोरण शिकवणाऱ्यांनी हा धडा पहिल्या तासाला घ्यायला हरकत नाही.)

म्हणून 'सत्य आपल्यापासून दडवलं जातंय' या वाक्याचा मला आताशा कंटाळा येतो. त्यात एक छुपी सोय आहे. सत्य दडवलंय म्हटलं की जे उघड पडलंय ते वाचायची जबाबदारी उरत नाही. इराकबद्दलच्या ब्रिटिश चौकशीचा चिलकॉट अहवाल २०१६ पासून कुणालाही फुकट वाचता येतो. ट्रॅकवर तो वाचलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. मीही सगळा वाचलेला नाही, सारांशावर भागवलंय.

आता चंद्राचं. बँकवाल्या गृहस्थांना मी एकच विचारलं: १९६९ मध्ये हे नाटक उघडं पाडण्यात सर्वांत जास्त फायदा कुणाचा होता? सोव्हिएत संघाचा. चंद्राच्या शर्यतीत त्यांचा पराभव होत होता. यानाच्या मागावर राहण्याइतकी यंत्रणा त्यांच्याकडे होती. प्रत्येक बारीक गोष्टीवरून अमेरिकेला खोटं पाडणारा तो देश या एका बाबतीत मूग गिळून बसला. का बरं? सुएझ फुटलं कारण इस्राएलकडे प्रत होती. कॅटिन जर्मनांनी ओरडून सांगितलं कारण ते शत्रू होते. ज्याच्याकडे साधन आहे आणि बोंब मारण्यात ज्याचा फायदा आहे, असा माणूसच गप्प बसतो, तेव्हा बहुतेक वेळा बोंब मारण्यासारखं काही नसतं. त्यातून अमेरिकेचं राहू द्या, आपल्याच चांद्रयान-२ नं वरून त्या उतरण्याच्या जागांचे फोटो काढले आहेत, सोडून दिलेला यानाचा तळ त्यांत दिसतो. गृहस्थ म्हणाले, "इस्रोही त्यांच्यातलीच असेल." या उत्तराला उत्तर नसतं. तिथे संशय संपून श्रद्धा सुरू झालेली असते.

या सगळ्यात मला वाट सापडली ती अमेरिकेत नाही, आमच्याच जिल्ह्यात. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा ठोकला होता. वितळवून नवी पाडली नाहीत, त्याच नाण्यांवर वरून आपली छाप. अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेत गेलात तर अशी पुनर्मुद्रित नाणी काय असतात ते नीट समजून घेता येईल. वर सातवाहनांची डोंगराची खूण, आणि नाणं जरा तिरकं धरलं की खालून नहपानाच्या नाकाची रेघ, ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या तोंडावर शिक्का मारला, पण तोंड पुरतं पुसलं गेलं नाही.

मग पांडवलेण्यांवर चला. नावापासूनच सुरुवात आहे: पांडवांचा या लेण्यांशी काडीचा संबंध नाही, ही बौद्ध भिक्षूंची लेणी, शिलालेखात डोंगराचं नाव त्रिरश्मी. आम्ही नाशिककर पिढ्यानपिढ्या पांडवांना तिथे नेऊन बसवलं आणि रिक्षावालाही तेच नाव सांगितल्याशिवाय नेत नाही. तर तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. मुलगा गेल्यावर, नातवाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरवलेला. माझ्या मुलानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. आईनं लिहिलेलं मुलाचं प्रगतिपुस्तक आहे ते! त्यात लाल शेरा असणार कसा?

इतिहासकारांनी काय केलं? आई आहे म्हणून लेख फेकून दिला नाही आणि राजमाता आहे म्हणून डोळे मिटून स्वीकारलाही नाही. क्षहरातांना संपवल्याचा दावा त्यांनी मानला, कारण जोगलटेंभीची नाणी तेच बोलत होती आणि नाण्यांना आई नसते. तीन समुद्रांचं पाणी मात्र कौतुकाच्या खात्यात टाकलं. एकाच लेखातल्या दोन ओळी, एक हिशेबात धरली आणि एक बाजूला ठेवली.

आणखी एक. त्याच लेण्यात सातकर्णीच्या अठराव्या वर्षाचा आदेश आहे: पश्चिम कखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते आता भिक्षूंना दिलं. हा उषवदात म्हणजे नहपानाचा जावई, हरलेल्या पक्षाचा. आणि चार पावलांवर, दहा नंबरच्या लेण्यात, याच उषवदाताचे लेख अजून शाबूत आहेत. त्यानं तीन लाख गाई दान केल्या, तीन हजार कार्षापणं गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेण्यांकडे व्याजी लावून त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली, दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर पाऊण. पतसंस्थेच्या मुदतठेवीचे दर वाचल्यासारखं वाटतं. विजेत्यांनी ते लेख छिन्नीनं खरवडले नाहीत. म्हणून आज आपण एकाच डोंगरावर दोन्ही बाजूंचं ऐकू शकतो, आणि दोन्हीही आपापली जाहिरातच करतायत हे ध्यानात ठेवून ऐकू शकतो.

शहरात खाली उतरलात की हीच कसरत जास्त अवघड होते. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप-काळं पाणी झालं, त्यांच्यावरचा खटला उभा करण्यात या जॅक्सनचा हात होता. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फाशी झाली. आणि जॅक्सन संस्कृत जाणणारा, गुजरात-कोकणच्या लोककथांची टिपणं गोळा करणारा अभ्यासूही होता. दोन्ही खरं. इंग्रजांच्या कागदांत फक्त विद्वान जॅक्सन आहे, आमच्या भाषणांत फक्त जुलमी. दोन्ही ठसे एकाच नाण्यावर आहेत हे म्हटलं की व्यासपीठावरची मंडळी अस्वस्थ होतात. साम्राज्याचा हस्तक विद्वान असू शकतो, किंबहुना अशा विद्वानांच्या जोरावरच साम्राज्य चालत होतं, हे कान्हेरेच्या धाडसाला कमीपणा आणत नाही.

ही नाण्याची नजर आता स्वतःकडे वळवायची आहे, आणि इथे ट्रॅकवरची सभा हमखास पांगते.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. १९६३ मध्ये अहवाल दिला. तो आजतागायत सरकारनं प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला म्हणून आपल्याला तो वाचायला मिळाला. माहिती अधिकारात मागितला तेव्हा मिळाला नव्हता. सरकारं आली, गेली, विरोधात असताना तो मागणारे सत्तेत आल्यावर तिजोरीची किल्ली खिशात ठेवू लागले. सीआयएचे कागद साठ वर्षांनी उघडले म्हणून आपण हसतो. आपल्या या कागदाचीही साठी उलटून गेली. आपण चीनच्या विश्वासघातावर व्याख्यानं देतो, आणि विश्वासघात झालाच होता. पण आपल्या जवानांना कॅनव्हासचे बूट घालून बर्फात कुणी पाठवलं, हा प्रश्न बीजिंगला विचारून चालणार नाही.

आणि कांदा. नाशिकच्या माणसानं परराष्ट्र धोरणावर लिहावं आणि कांदा येऊ नये, हे कसं व्हायचं?

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीला दिल्लीनं कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. त्यानंतर काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. जाहीर कार्यक्रमात त्या हिंदीत म्हणाल्या की आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, मी माझ्या आचाऱ्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा तेच, भरलेले ट्रक सीमेवर सडले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, ती मे २०२४ ला उठली तरी तेव्हा वर चाळीस टक्के शुल्क लागलं. प्रत्येक वेळी लासलगावला लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. आम्ही या सगळ्याकडे दिल्ली विरुद्ध शेतकरी असं बघत आलो, आणि ते चूक नाही. पण ढाक्यातून हे दृश्य वेगळं दिसतं. तिथून दिसतो एक बलाढ्य शेजारी, जो स्वतःच्या शहरांतली महागाई आटोक्यात ठेवायला न सांगतासवरता दुसऱ्याच्या ताटातला कांदा उचलतो. तिथल्या सरकारनं मग पाबना, फरीदपूरकडच्या शेतकऱ्यांना हात दिला, आपल्या मालाची आयात हवी तेव्हा रोखायला सुरुवात केली. आता आमच्याकडे ओरड आहे की बांगलादेश भरवशाचा नाही.

लासलगावचा एक ओळखीचा व्यापारी मला म्हणाला, तिकडची पार्टी फोनवर स्पष्ट सांगते, "भाई, तुमच्यावर भरवसा आहे, तुमच्या सरकारवर नाही." हे वाक्य मी तेहरानमधल्या कुणाच्या तोंडी सहज कल्पू शकतो. ढाक्याहून, आपल्याबद्दल, ऐकायला वेगळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ते ट्रॅकवर सांगितलं. काका थांबले. थांबत नाहीत ते सहसा, गुडघे धरतात म्हणून. म्हणाले, "पण आपण काय मुद्दाम केलं का त्यांचं वाईट? आपल्याकडे टंचाई होती. आधी आपली माणसं बघायला नकोत?"

मी म्हटलं, "काका, पॉवेलपासून ईडनपर्यंत सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. आधी आपली माणसं."

"त्यांचं वेगळं," काका म्हणाले आणि चौथ्या फेरीला निघाले.